बाबांच्या खोलीतली जाळी

आई गेली त्याच वर्षी ऑक्टोबरात बाबा नागपूरहून आमच्याकडे इंग्लंडमध्ये रीडिंगला आले. मी एकुलती एक, त्यामुळे ते दुसरीकडे जाणार तरी कुठे? व्हिजिटर व्हिसावर सहा महिने राहता येतं. सहा महिन्यांनंतर काय, हा प्रश्न मी आणि नवरा रोज उद्यावर ढकलत होतो.

बाबांनी आयुष्यभर आयटीआयमध्ये टर्नरच्या, म्हणजे लेथवरच्या कामाच्या, वर्गाला शिकवलं. बोलणं मोजकं, आवाज मोठा, हात सतत कशात तरी गुंतलेले. आईच्या जाण्यानंतर आवाज बसल्यासारखा झाला, पण हातांना अजून काम लागायचं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमची तीन दारं करकरायची थांबवली, बागेतल्या शेडचं गंजलेलं कुलूप सोडवलं, आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टर. आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते. मी कॉलवर असले की ते हळूच दार ढकलून विचारायचे, "चहा घेते काय?" मी म्यूट करून, चेहरा वाकडा करून हातानंच नाही म्हणायचे. दिवसातून चार वेळा.

त्यांना जिना नको म्हणून आम्ही खालची, स्वयंपाकघराला लागून असलेली खोली दिली होती. आधी ती माझं ऑफिस होती. माझं टेबल वर, बेडरूमच्या कोपऱ्यात गेलं.

आमचं घर पन्नासएक वर्षांपूर्वीचं. त्या काळी इथल्या काही वसाहतींत गरम पाण्याच्या रेडिएटरऐवजी गरम हवेची सोय करत. जिन्याखालच्या कपाटात एक उभं युनिट, त्यात पंखा, आणि तिथून जमिनीखालून आणि भिंतींतून प्रत्येक खोलीत गेलेल्या पत्र्याच्या चौकोनी नळ्या. त्यांना डक्ट म्हणतात. प्रत्येक खोलीत भिंतीच्या पायथ्याशी एक लोखंडी जाळी असते, तिच्यातून गरम हवा येते. जाळीच्या मागे पट्ट्या असतात, त्या बाजूच्या खिट्टीनं कमीजास्त उघडता येतात. आमचं युनिट गॅसवर चालणारं होतं. नोव्हेंबरात सर्व्हिसिंगला आलेल्या माणसानं टॉर्च आत घालून मला एक चीर दाखवली, हिच्यातून विषारी धूर घरात शिरेल म्हणाला, गॅस बंद केला आणि 'वापरू नये' असं लेबल चिकटवून निघून गेला.

पुढचे तीन आठवडे वाईट गेले. रेडिएटर बसवायचे तर सगळ्या जमिनी फोडायला लागणार होत्या. शेवटी या जुन्या पद्धतीची माहिती असलेला एक फिटर सापडला. तो म्हणाला, डक्ट चांगले आहेत, त्याच कपाटात विजेवर चालणारं युनिट बसवू. मग घरात येणारी मुख्य वायर तेवढा भार उचलेल का ते बघायला एक माणूस आला, त्यानं मोठा फ्यूज टाकला. तोवर आम्ही एक छोटा फॅन हीटर या खोलीतून त्या खोलीत नेत होतो. बाबा कोट आणि मफलर घालून बसायचे. मफलर मीच घेऊन दिला होता, मरून रंगाचा. "थंडी वाजते का?" विचारलं की म्हणायचे, "मस्त वाटून राहिलं. नागपुरात तर भाजून निघत होतो."

फिटर आला तो दिवस मात्र बाबांचा होता. साठीचा, एकटाच काम करणारा इंग्रज माणूस, गुडघ्यांना पॅड बांधलेले. त्यानं जुनं युनिट कपाटातून ओढून काढलं तेव्हा बाबांनी न सांगता दुसरी बाजू धरली. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही नका, कंबर धरेल." दोघांपैकी कुणीही माझ्याकडे पाहिलं नाही. मग दिवसभर बाबा टॉर्च धरून उभे होते. दोघांचं बोलणं एकेका शब्दाचं. "किती किलोवॅट?" "बारा." "तीन स्टेज?" "तीन स्टेज." सांध्यांना चंदेरी टेप लावताना फिटरनं एका ठिकाणी सुरकुती ठेवली, तिथे बाबांनी बोट टेकवलं. त्यानं ती टेप काढून पुन्हा लावली.

दुपारी चार वाजता त्यानं खटका दाबला. आधी पंखा घुरघुरला, मग एकामागून एक एलिमेंट तापली आणि सगळ्या घरात धूळ जळल्याचा वास पसरला. बाबा त्यांच्या खोलीत जाऊन जाळीपुढे हात धरून बसले. "चालू झाली भट्टी," ते तिथूनच ओरडले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांचा तो आवाज ऐकला.

जाताना फिटरनं आम्हाला समजावलं. "बसवणं हे निम्मं काम, लव्ह. आता हवा वाटून द्यावी लागेल. युनिटच्या जवळच्या खोल्या जास्त हवा ओढतात. त्यांच्या जाळ्या थोड्या मिटायच्या, लांबच्या उघड्या ठेवायच्या. एका वेळी एकच जाळी हलवायची आणि दिवसभर थांबायचं. घाई केलीत तर काहीच कळणार नाही."

मी ते बाबांना मराठीत सांगायला लागले तर ते म्हणाले, "समजलं मला." आणि त्यांनी काम हातात घेतलं. माझ्या मुलीची एक वही, एक थर्मामीटर. सकाळ, दुपार, संध्याकाळ ते प्रत्येक खोलीत जाऊन जाळीसमोर वाकायचे, आकडा लिहायचे, खिट्टी जराशी हलवायचे. जिना नको म्हणणारे बाबा दिवसातून तीनदा वर येत होते. चार दिवसांत वरच्या दोन्ही खोल्या एकोणीसवर आल्या, बाबांची वीसवर. जेवताना ते नवऱ्याला सांगायचे, "जावईबापू, हॉलची जाळी अजून अर्धी खाच मिटतो उद्या." नवरा म्हणायचा, "बाबा, तुम्ही म्हणाल तसं." त्याला त्यांचं कौतुक होतं. मलाही व्हायला हवं होतं.

शुक्रवारी दुपारी माझी क्लायंटबरोबर व्हिडिओ मीटिंग होती. चौदा लोक. मी स्क्रीन शेअर करून बोलत असताना माझ्या मागचं दार उघडलं आणि बनियन-लुंगीतले बाबा चष्मा कपाळावर, थर्मामीटर हातात, असे आत आले. माझ्या खुर्चीमागे भिंतीशी उकिडवे बसले आणि आकडा मोठ्यानं वाचला. कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. क्लायंटची बाई म्हणाली, "सो स्वीट." मी हसून वेळ मारून नेली, आणि कॅमेरा बंद झाल्यावर माझे कान जळत होते.

मी बाबांना काही बोलले नाही. ते सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात बाहेर पडलं. नवरा ओट्याशी कांदा चिरत होता. मुलगी पोहायच्या क्लासला गेली होती. बाबा त्यांच्या खोलीत, दार लावलेलं. मी सुरुवात मीटिंगपासून केली. मग चहाचं विचारणं, बाथरूममध्ये पसरलेलं पाणी, टीव्हीचा आवाज. नवरा म्हणाला, "अगं, माणूस एकटा पडलाय."

"आणि मी? मला आई गेल्याचं रडायलाही जागा नाही या घरात," मी म्हणाले. "खरं सांगू? आईऐवजी बाबा आधी गेले असते ना, तर बरं झालं असतं. आईला मी जन्मभर सांभाळलं असतं. बाबांचं मला होत नाही."

"हळू," तो म्हणाला.

"दार बंद आहे त्यांचं." आणि मी आवाज चढवूनच पुढे म्हणाले, "सहा महिने कधी संपतात याचे दिवस मोजतेय मी."

त्यानं सुरी खाली ठेवली. मी डाळ उकळायला ठेवली.

सोमवारी बाबांनी वही मुलीला परत दिली. "झालं काम. सेट झाली भट्टी," ते म्हणाले. चहाचं विचारायला येणंही थांबलं. मी ते लक्षात घेतलं, आणि मला हायसं वाटलं हेही इथे लिहायला हवं.

त्याच आठवड्यात त्यांची खोली थंड पडायला लागली. अंथरूण बदलायला गेले तर आत शिरताच जाणवलं. थर्मामीटर पंधरा दाखवत होता. जाळीची खिट्टी पूर्ण उघडी होती, पण हात धरला तर हवा जेमतेम. मी विचारलं तर म्हणाले, "मला चालते. रात्री पांघरूण आहे ना."

चूक कुठे आहे ते शोधणं हा माझा धंदा. मी फिटरला बोलावलं. तो आला तेव्हा बाबा जाळीसमोरच खुर्ची टाकून बसले होते. उठायला लागले नाहीत. फिटरनं बाजूनंच हात घालून पाहिलं, हवा कमी आहे म्हणाला, जाळी काढून बघू का विचारलं. बाबा इंग्रजीत म्हणाले, "नो, नो. ओके. फॅन स्पीड." त्यानं कपाटात जाऊन पंख्याचा वेग एका टप्प्यानं वाढवला. त्यानं फरक पडला नाही. दुसऱ्या खेपेला त्यानं हॉलमधला थर्मोस्टॅट काढून बाबांच्या खोलीत लावला, म्हणजे ती खोली तापेपर्यंत युनिट थांबणार नाही. झालं असं की ती खोली तापेना आणि युनिट थांबेना. वर मुलीच्या खोलीत सव्वीस, खाली बाबांच्या खोलीत सोळा. दोन दिवसांत थर्मोस्टॅट परत हॉलमध्ये गेला. त्या दुसऱ्या खेपेलाही फिटर जाळी उघडणार होता, पण बाबा पांघरुणात होते, सर्दी झालेली. "टुमारो," ते म्हणाले. "टुमारो, प्लीज."

मी तेलाचा हीटर आणून त्यांच्या पलंगाशी ठेवला. मी खोलीत असेपर्यंत तो चालू असायचा. पुन्हा बघायला गेले की बंद असायचा.

"बाबा, तुम्ही मुद्दाम करता का हे?" मी एकदा चिडून विचारलं.

"कोरडी हवा सोसत नाही मला," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

मग एका सकाळी शाळेला निघताना मुलगी म्हणाली, "मम्मा, आजोबा कोट घालून झोपतो. त्याचा तोंड ब्लू दिसतो." तिचं मराठी असंच आहे, मी नेहमी सुधारते. त्या दिवशी सुधारलं नाही. बाबांच्या खोलीत गेले तर ते उठून बसण्याच्या प्रयत्नात होते आणि त्यांना श्वास पुरत नव्हता.

न्यूमोनिया. सहा दिवस हॉस्पिटल. तिथल्या तरुण डॉक्टरनं मला बाजूला घेऊन विचारलं, "घरात हीटिंग आहे ना?" मी म्हटलं, आहे, नवीन बसवलंय, त्यांच्याच खोलीत येत नाही, मी दोनदा माणूस बोलावला. तिनं लिहून घेतलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही, पण माझं सांगणं मलाच जास्त लांबलेलं वाटलं.

बाबा हॉस्पिटलमध्ये असतानाच फिटर तिसऱ्यांदा आला. रिकाम्या खोलीत तो गुडघ्यांवर बसला, चार स्क्रू काढले, जाळी बाजूला ठेवली आणि आत हात घातला. आधी वर्तमानपत्राच्या घट्ट सुरळ्या निघाल्या, घराघरांत फुकट टाकतात त्या पेपरच्या. मग मरून मफलर, चौकोनी घडी घातलेला. मग पुन्हा कागद. मधे बोट शिरेल एवढीही फट नव्हती. कागदांच्या कडा डक्टच्या मापानं दुमडलेल्या होत्या. इतक्या सफाईनं काम करणारा माणूस माझ्या ओळखीचा होता.

"हे खोलीच्या बाजूनं भरलंय," फिटर म्हणाला. "जाळी काढून, भरून, परत बसवलीय."

"पण का? खोली गार पडते म्हटल्यावर कुणी असं करेल का?"

तो काही बोलणार होता तेवढ्यात माझा नवरा आमच्या शेजारी येऊन बोलायला लागला. म्हणजे मला तसं वाटलं. नवरा स्वयंपाकघरात फोनवर होता. हॉस्पिटलशी बोलत होता. एकेक शब्द जाळीच्या उघड्या भोकातून येत होता, त्याच्या श्वासासकट. त्यानं कप ठेवला तो आवाजसुद्धा आला. त्याच्या आणि आमच्या मध्ये एक भिंत होती आणि दोन्ही दारं बंद होती.

फिटर माझ्याकडे न बघता कागद गोळा करत होता. "या दोन खोल्यांना एकच डक्ट आहे," तो म्हणाला. "या घरांत हे नेहमीचं. पूर्वी लोक मला थंडीसाठी कमी आणि यासाठी जास्त बोलवायचे. आतून अस्तर लावलं की आवाज मरतो. लावून देऊ?"

मी हो म्हटलं. बाहेर पॅसेजमध्ये येऊन उभी राहिले. कोणता शनिवार ते मला मोजायला लागलं नाही. सोमवारी वही परत दिली होती. म्हणजे शनिवार-रविवारात कधीतरी, आम्ही घरात असतानाच, त्यांनी शेडमधून स्क्रूड्रायव्हर आणला, जाळी उघडली आणि हे केलं. माझं पुढचं काही ऐकू येऊ नये म्हणून. आणि मग त्या थंडीत तीन आठवडे राहिले. हीटर का बंद करायचे ते मला आजही नक्की सांगता येत नाही. माझं काहीच घ्यायचं नव्हतं, की त्यांना उबच नको झाली होती.

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "त्यांच्याशी बोल." मी हो म्हटलं.

बाबा घरी आले तेव्हा खोली वीसवर होती. मफलर धुऊन दाराच्या हुकाला लावला होता. त्यांनी तो पाहिला. कोट काढून पलंगावर बसले, चपला नीट जोडून ठेवल्या, आणि जाळीकडे बघत म्हणाले, "गरम झाली खोली."

"हो."

"काय बिघाड होता?"

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. मी म्हणाले, "डक्टमध्ये काहीतरी अडकलं होतं."

"निघालं ना?"

"निघालं, बाबा."

"बरं झालं," ते म्हणाले आणि उशी सारखी करून आडवे झाले. मी थोडा वेळ उभी राहिले. मग औषधं मांडायच्या निमित्तानं बाहेर आले. ती माझी वेळ होती आणि मी ती घालवली.

जानेवारीच्या शेवटी, तीन महिने शिल्लक असताना, त्यांनी नवऱ्याकडून परतीचं तिकीट काढून घेतलं. मला नंतर कळलं. मी म्हटलं, "इतक्या लवकर कशाला?" ते म्हणाले, "घर बंद आहे. वाळवी लागेल." एअरपोर्टवर त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, नवऱ्याशी हात मिळवला. मला म्हणाले, "कामात लक्ष दे. फार धावपळ करते तू." व्हीलचेअरवाल्या माणसानं त्यांना नेलं. ते मागे वळून बघत होते की वळता येत नव्हतं, मला दिसलं नाही. मधे लोक आले.

नंतर आठवड्यातून दोनदा फोन. तब्येत, पाऊस, डबेवाल्या बाईंचा स्वयंपाक. एकदा, एप्रिलमध्ये, मी धीर करून म्हणाले, "बाबा, मी त्या दिवशी स्वयंपाकघरात जे बोलले..." त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. "काय म्हणते? आवाज तुटून राहिला. कूलरचा आवाज आहे इकडे." लाइन स्वच्छ होती. मी म्हटलं, "काही नाही. कूलरमध्ये पाणी भरता ना वेळेवर?" त्यांनी मला कूलरबद्दल पाच मिनिटं सांगितलं.

सप्टेंबरात ते गेले. झोपेत, हृदय बंद पडून. डबेवाल्या बाईंनी दार वाजवलं, उघडलं नाही म्हणून शेजारच्या काकांना बोलावलं. मी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. शेजारच्या काकांनीच अग्नी दिला होता.

चार दिवस लोक भेटायला येत होते. त्यांत त्या काकांच्या घरच्या काकूही रोज येऊन बसायच्या. तिसऱ्या दिवशी माझा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "तुझं फार सांगायचे गं. माझ्या पोरीनं माझ्यासाठी अख्खी भट्टी बसवली घरात, म्हणायचे. खोली गरम होत नव्हती तर तीन-तीनदा मेकॅनिक आणला, दिवसरात्र उशाशी बसली. असं नशीब किती जणांचं असतं, सांग."

समोर आणखी दोन-तीन बायका बसल्या होत्या. त्यांनीही मान हलवली. एकीनं पदरानं डोळे टिपले. नवरा दाराशी उभा होता, तो खाली बघत होता.

मी म्हणाले, "कर्तव्यच होतं ते, काकू."

त्यांनी माझा हात थोपटला आणि मला चहा घ्यायला लावला.